थंड घराचा विंको

त्या रस्त्यावर एकोणीस घरं होती आणि त्यांतलं सगळ्यांत गार घर विंकोचं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. कॅनबेराच्या जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, त्याच्या स्वयंपाकघरात ऑलिव्हचं तेल बाटलीतच थिजायचं. शेजारची ग्लेनिस ट्रँटर त्याला चाळीस वर्षं ऐकवत आली होती, "तुझ्याकडे यायचं म्हणजे आत शिरताना कोट चढवायचा आणि बाहेर पडताना उतरवायचा."

ऐकवण्याची जागा ठरलेली होती. दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी केव्हातरी निखळली होती आणि ती कुणी परत बसवली नव्हती. रोज चार वाजता त्या फटीतून चहाचा कप इकडून तिकडे जायचा. आधी तिथे विंकोची बायको मारिया उभी राहायची. ती गेल्यावर विंको उभा राहू लागला. ग्लेनिसचा नवरा बेव्हनही गेला, क्रिकेट बघता बघता. "स्कोअर विचारला, उत्तर आलं नाही, तेव्हा कळलं," असं ती सांगायची.

विंको स्लोव्हेनियाहून आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. चौऱ्याहत्तर साली त्याला एका माणसाकडे काम मिळालं. ट्रकवर पंप, पंपाला जाड नळी आणि गोण्यांमध्ये पिंजलेल्या कापसासारखं राखाडी ॲस्बेस्टॉस. चार कौलं उचलायची, नळी आत सोडायची आणि माळाभर तो कापूस पसरायचा. घर थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. नळीचं टोक विंकोच्या हातात असे. तोंडाला तो रुमाल बांधायचा, पण तो नाकात गुदगुल्या होतात म्हणून.

मालक म्हणाला, "तुझ्या रस्त्यावरची तीन घरं गिऱ्हाईक म्हणून आण, तुझं छप्पर फुकट भरून देतो." विंकोनं तीन आणली. तिसरं ग्लेनिसचं. "हे चांगलं असतं ना रे?" तिनं शिडी धरल्या धरल्या विचारलं होतं. "घराला दुलई घातल्यासारखं," विंकोनं वरून सांगितलं.

त्याच्या स्वतःच्या छपराची पाळी आली तेव्हा मारिया शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. त्याचे कामाचे कपडे झटकून धुवायचं काम तिचं होतं. रविवारी शेवया घालून केलेल्या सूपच्या वाडग्यातही तिला तो कापूस सापडला होता. "जे सूपमधून वेचून काढावं लागतं, ते मी डोक्यावर घेऊन झोपणार नाही," ती म्हणाली. मालकासमोर विंको ओशाळला. घर गार राहिलं. कपडे मात्र ती पुढेही, काम सुटेपर्यंत, झटकत राहिली.

नव्व्याण्णव साली मारिया छातीच्या दुखण्यानं गेली. आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, सिगारेट ओढतात का? नाही. मग काम काय करतात? "घरकाम," विंको म्हणाला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

त्याच्या दहा वर्षं आधी, तो कापूस फुप्फुसांना घातक असल्याचं जाहीर झाल्यावर, ग्लेनिसचा माळा सरकारी पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन साफ करून गेली होती आणि साफ झाल्याचा कागदही देऊन गेली होती. त्यावर विश्वास ठेवून तिनं तो खणात टाकला. साफसफाईनंतर पंचवीस वर्षांनी सरकारचं पत्र आलं, की ॲस्बेस्टॉसचे तंतू भिंतींत उतरलेत, कपाटांतही आहेत, घर पाडावं लागेल.

तपासणीला एक तरुण बाई आली. विंको कुंपणापलीकडे गाजरं उपटत होता, म्हणजे ऐकत होता.

"मिसेस ट्रँटर, कपड्यांचं कपाट आता उघडू नका."

"मग मी घालू काय?"

"चिनीमाती, काच, धातू पुसून नेता येईल. लोकर, गाद्या, गालिचे इथंच राहतील."

"म्हणजे मी किटली घालून फिरू."

बाईनं ते लिहून घेतलं नाही. अंगणातली मातीसुद्धा खरवडून नेणार होते, त्यामुळे जर्दाळूचं झाडही जाणार होतं.

त्या दिवसापासून विंको एका वाक्याची वाट पाहू लागला: तू आणलंस हे माझ्या घरात. उत्तर त्यानं दोन भाषांत तयार ठेवलं होतं. चार वाजता कप यायचा. ग्लेनिस त्या बाईच्या बुटांबद्दल बोलायची, मुलीच्या फोनबद्दल बोलायची, दहिवराबद्दल बोलायची. ते वाक्य यायचं नाही. आणि त्याच्या गार घरावरूनही ती बोलायची थांबली, कारण त्यातून दुसरा विषय निघालाच असता. बोलणी खायची विंकोला सवय होती. न बोलण्याची नव्हती. ती मुलीकडे, रॉबिनकडे, पर्थला जाणार होती, आणि न बोलताच जाणार अशी चिन्हं होती.

शेवटच्या आठवड्यात त्यानंच फटीत तोंड घातलं. "तिसरं घर तुझं होतं, ग्लेनिस."

"माहीत आहे. शिडी मीच धरली होती."

"मग बोल की."

"काय बोलू? मारियानं इतकी वर्षं तुझे कपडे झटकले. त्याच्यावर मी आणखी काय घालू?"

विंकोनं हातातलं गाजर पुसलं. ते स्वच्छच होतं. "डॉक्टरांना मी घरकाम सांगितलं."

"तेही माहीत आहे. इथंच उभी राहून मारिया सांगून गेली मला."

विंकोनं मान वर करून जर्दाळूकडे पाहिलं. त्यावर मोहोरसुद्धा नव्हता.

"पर्थला कधी निघतेस?"

"रॉबिनच्या घराला माळा आहे. तो कुणी भरला, कशानं भरला, कुणाला ठाऊक नाही." तिनं कप त्याच्या हातात दिला. "ज्याच्या छपरात काही नाही असं मला खात्रीनं माहीत असलेलं घर एकच आहे. मागची खोली रिकामी आहे ना?"

"तिथे फार गार असतं."

"ते तू मला सांगतोस?"

ग्लेनिस एक सुटकेस नवे कपडे आणि पुसलेल्या कपबशांचा खोका घेऊन आली. पलीकडे तिचं घर प्लास्टिकमध्ये गुंडाळलं गेलं आणि मग पाडलं गेलं. कुंपणही गेलं, फटीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विंकोचा कोट चढवून स्वयंपाकघरात आली, तेलाची बाटली उलटी धरून बराच वेळ उभी राहिली. थेंब पडला नाही.

"आख्ख्या रस्त्याला दुलया पांघरल्यास," ती म्हणाली, "आणि स्वतःचं घर हे असं. मेलेल्या माणसांनासुद्धा याहून उबेत ठेवतात."

विंकोनं किटली चढवली. "अजून बोल," तो म्हणाला.

"बोलणारच आहे," ग्लेनिस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.