खळ्याच्या कडेचा दगड

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निपाणीचं घर बंद करून ते आमच्याकडे सर्जापूर रोडला राहायला आले, त्यानंतरची ही गोष्ट. एका रविवारी आम्ही देवनहळ्ळीचा किल्ला बघायला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्याने पलीकडचं माळरान दाखवून सांगितलं, किल्ल्यासाठी जुन्या काळी लढाई झाली ती तिथे. मामा उन्हात बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"एवढी माणसं पडली आन् साधा एक दगड न्हाई?" ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही तिथे स्मारकाचा दगड बसवायच्या परवानगीसाठी अर्ज केला. मामांचं कन्नड पक्कं, माझं पुण्याहून येऊन नऊ वर्षं झाली तरी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावरच अडलेलं. म्हणून मजकूर त्यांचा, नकाशे आणि फोटो जोडायचं काम माझं. जमीन सरकारी होती, पण किल्ला जवळ असल्यामुळे पुरातत्त्व खात्याचीही परवानगी लागणार होती. मी ऑफिसातून सुट्टी काढायची आणि आम्ही दोघांनी खात्याच्या कचेरीत बाकावर बसून राहायचं. तिसऱ्या खेपेला अधिकारी बाईंनी विचारलं, "स्मारक कोणत्या बाजूच्या सैनिकांचं?"

"पडले त्यांचं, मॅडम. दोन्हीकडच्यांचं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हेच अर्जात लिहा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अटी सांगितल्या: खणायचं नाही, चौथरा बांधायचा नाही, आणि शेजारच्या शेतकऱ्यांची हरकत नको.

हरकत आली. त्या जागेला लागून एका अक्कांचं शेत होतं, आणि नाचणी मळायचं त्यांचं खळं थेट आम्ही मागितलेल्या जागेपर्यंत पसरायचं. 'मेलेल्यांचा दगड धान्यात नको,' एवढंच त्यांनी लिहून दिलं होतं.

मला वाटलं, संपलं सगळं. मामा मात्र खूश दिसले. "बरोबर हाय तिचं. चल, भेटून येऊ."

अक्का सुपात नाचणी पाखडत होत्या. मामा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. दोघांचं कन्नड भराभर चालू झालं, मधूनमधून मामा मला मराठीत सांगत होते.

"त्या मेलेल्यांची नावं काय?" अक्कांनी विचारलं.

"कुणालाच ठाऊक न्हाईत."

"मग त्यांच्या नावानं पान कोण वाढतं?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर दगड." अक्कांचं सूप थांबलं. मग त्या उठल्या, खळ्याच्या पार टोकाला कडुनिंबापाशी गेल्या आणि टाचेने मातीत रेघ ओढली. "इथं ठेवा. इथं माझे बैल फिरत नाहीत."

जागा बदलली म्हणून नकाशा नव्याने द्यावा लागला, आणखी दोन महिने गेले. परवानगीचा कागद हातात आला तेव्हा मामांनी तो आधी उभ्यानेच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

दगड गुडघ्याएवढाच आहे. वर कन्नड, खाली मराठी: 'इथे लढून पडलेल्या सर्वांसाठी.' बसवला त्या दिवशी अधिकारी बाई सुट्टी असूनही आल्या. अक्कांनी केळीच्या पानावर नाचणीचा मुद्दा, म्हणजे पिठाचा शिजवलेला गोळा, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, वाढून ते पान दगडापुढे ठेवलं, मग आम्हालाही वाढलं. मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे मला तिथे कळलं. माझी फजिती बघून अक्का आणि मामा इतके हसले, की बाईंनाही हसू आवरेना. कडुनिंबाखाली छान वारा होता, घरी जायची कुणालाच घाई नव्हती.