सुलूमावशींचा डावा पाय

सुलूमावशींबरोबर मोटरसायकलची शर्यत बघायची, तर चहा आधीच संपवून टाकावा लागे. टीव्हीवरचा स्वार डाव्या वळणाला झुकला की सोफ्यावरच्या मावशीही डावीकडे झुकत, उजव्या वळणाला उजवीकडे. उजवीकडे मी असे. माझे दोन ड्रेस या खेळाच्या कामी आले. एकदा मी शहाणपणाने खुर्ची ओढून लांब बसले, तर आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "इथे बेस ने, मेधा. वळणावर एकटी कशी झुकू मी?"

बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. मुलगा संजू कॅनडात. आपल्या मोहिते घराण्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, असं त्या अभिमानाने सांगत. स्वतः मावशी बहात्तराव्या वर्षी पांढऱ्या स्कूटरवर होत्या, आणि वेग असा, की भाजीची हातगाडीही त्यांना हाक मारून पुढे जाई. ताशी तीनशेने धावणाऱ्या गाड्यांचं वेड या बाईला कसं लागलं, हे बडोद्यात कोणालाच कळलेलं नाही.

नोकरी गोरव्यातल्या एका कारखान्यात, तपासणी विभागात झाली. तयार झालेला भाग मापायचा आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, तेहतीस वर्षं. "'चालेल' असा शिक्काच नव्हता आमच्याकडे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या माझ्या पुरणपोळीलाही लावत आणि माझ्या नवऱ्याने, नितीनने, बसवलेल्या पंख्यालाही. दोन्ही बहुतेक वेळा रिजेक्ट होत.

शर्यतींची त्यांची एक वही होती. जिंकणाऱ्याचं नाव तिच्यात कधीच नसे. कोण पडला, कुठल्या वळणावर, आणि उठला का, एवढंच. "पहिला कोण आला ते सगळं जग लिहितं. पडलेल्याचं कोण लिहिणार?" स्वार मातीतून उठून उभा राहिला की मावशी "हाश" म्हणत आणि मगच पेन उचलत. नवा हंगाम जवळ आला की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशीच्या शेजारी शर्यतींच्या रविवारांभोवती लाल गोल उमटत. त्या रविवारी कोणी सत्यनारायणाला बोलावलं तर तीर्थप्रसाद घरी पाठवायला सांगत.

मागच्या वर्षी हंगाम सुरू व्हायला दोन महिने असताना मावशी स्वतःच पडल्या. तेही सोसायटीच्या फाटकात, हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी हलली म्हणून. हाड मोडलं नाही, पण डाव्या गुडघ्याने दगा दिला. संजूने फोनवरून फर्मान काढलं, स्कूटर विकून टाका. ती गेली असती तर भाजी, बँक, निजामपुऱ्यातली बहीण, सगळं दुसऱ्याच्या सवडीवर आलं असतं. हे त्या बोलल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ दात आवळून गुडघ्याचे व्यायाम करताना त्यांचा चेहरा बघून मला ते कळत होतं.

मग त्यांनी संजूला खेळाचा नियम ऐकवला. "इथे पडलेल्याला घरी नाही बसवत. डॉक्टर तपासतो. पास केलं तर परत गाडीवर." ठरलं असं, की पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मावशींनी सोसायटीच्या बागेला एक पूर्ण फेरी मारायची, पाय न टेकता. पास झाल्या तर स्कूटर राहील, नाहीतर किल्ली माझ्याकडे. डॉक्टर मीच. मी कडक आहे असा संजूचा समज होता. मावशींचा तसा नव्हता.

शनिवारी सकाळी मावशी खाली आल्या त्या नितीनचे क्रिकेटचे पॅड बांधून. तळमजल्यावरचे पटेलकाका खुर्ची टाकून बसले. फेरी सुरू झाली, आणि इतकी सावकाश, की काकांचा चहा फेरीच्या आधी संपला. पण स्कूटर डुगडुगत का होईना, पुरी फिरून आली.

"मासी, एकदम सरस," काका म्हणाले. मी हात वर करून पास जाहीर केलं.

मावशींनी हेल्मेट काढलं. "टेकला."

"काय टेकला?"

"डावा पाय. ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर. बागेच्या बाजूने होता, म्हणून तुम्हाला दिसला नाही."

"मावशी, एवढ्याशाने काय होतंय? चालेल की."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. "कुठला शिक्का मारतेस, मेधा?" असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या जिना चढून वर गेल्या आणि मला त्यांचा रागच आला. कोणी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्या सोफ्यावर नेहमीसारख्याच झुकल्या. पुढे वर्षभर त्याच स्कूटरवर मी त्यांना मागे बसवून सगळीकडे नेलं. वळण आलं की त्या मागून इतक्या मनापासून झुकत, की दोनदा आम्ही दोघी दुभाजकावर जाता जाता वाचलो. "तू झुकतच नाहीस," हा ठपका वर माझ्यावरच.

या थंडीत दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. संजू आला, आणि जाताना स्कूटर अन् वही मला देऊन गेला. नव्या कॅलेंडरवर मावशींनी या हंगामाचे लाल गोल आधीच करून ठेवले आहेत. पहिला येत्या रविवारी आहे. मला घरात अजून त्यांच्या पावलांची चाहूल लागते.

काल भाजी घेऊन येताना ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर माझा पाय टेकला. आसपास कोणी नव्हतं. घरी येऊन मी वही उघडली. कोरी जागा शोधता शोधता शेवटच्या पानावर आले, तर तिथे एकच नोंद होती: "सुलभा मोहिते. ट्रान्सफॉर्मरचं वळण. उठली. आता मागच्या सीटवर बसते."

तिच्या खाली मी माझं नाव लिहिलं.