खूण जुळेना

केजच्या बाहेर, अंबाजोगाईच्या रस्त्याला नागप्पा होनरावांचं पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. ट्रॅक्टर बिघडला की माणसं विचारत विचारत तिथं येतात. होनराव मूळचे वाणी. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावाकडं गेलं आणि नागप्पा कड्याला, साखर कारखान्यावर, ट्रॅक्टर खोलायला शिकले. "तराजू सोडून पाना धरला," असं पाव्हणेरावळे बोलायचे. नागप्पांनी ते कधी मनावर घेतलं नाही. लांब पेचकस चालू इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत कुठं काय दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. साठीला टेकले तरी ती टिकून होती.

गेल्या उन्हाळ्यात वनमाला सिस्टरांची जुनी पेट्रोल कार टोचन लावून त्यांच्या दारात आली. सिस्टर डोंगराकडच्या एका उपकेंद्रावर नर्स होत्या. बाळंतपण काही एसटीची वेळ बघून येत नाही, म्हणून त्यांनी ही गाडी घेतली होती. मांजरसुंब्याच्या घाटात पाण्याचा पाइप फुटला, गाडी तापली, आणि इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते वाकलं.

"कार मी फारशी खोलत न्हाई, सिस्टर," नागप्पा म्हणाले. "पण हेड म्हंजे हेडच. ट्रॅक्टरचं काय अन् कारचं काय."

हेच वाक्य पुढं त्यांना महिनाभर टोचत राहिलं.

हेड त्यांनी माजलगावला रामकिसनकडं पाठवलं. रामकिसन त्यांचा कारखान्यावरचा जुना सोबती, आता लेथचं दुकान चालवायचा. त्यानं हेडची खालची बाजू घासून सपाट करून दिली. गाडीच्या आधीच्या मालकानंही एकदा ते घासून घेतलेलं होतं, त्यामुळं यावेळी हेड चांगलंच पातळ झालं. नागप्पांनी नवं गास्केट टाकलं, हेड बसवलं, बोल्ट आवळले. गळ्यातलं इष्टलिंग बनियनमध्ये खोचून ते टायमिंगचा पट्टा चढवायला वाकले.

आता या पट्ट्याचं काम सोपं. खाली क्रँकची चाकी, वर कॅमची चाकी. क्रँक पिस्टन हलवतो, कॅम व्हॉल्व्हची उघडझाप करतो, आणि दात असलेला पट्टा दोघांना एका तालात ठेवतो. दोन्ही चाक्यांवर खुणा असतात. खालची खूण खालच्या बाणाला, वरची वरच्या बाणाला लागली की झालं.

खालची लागली. वरची बाणाच्या जरा मागं राहिली.

नागप्पांनी पट्टा काढून पुन्हा चढवला. तेच. एक दात पुढं घेतला, तर खूण बाणाच्या कितीतरी पुढं गेली. मागं घेतला, पुन्हा जराशी मागं. पट्टाच खोटा असेल म्हणून अंबाजोगाईहून दुसरा आणवला. त्यानंही तेच केलं.

"एवढ्याशानं काय हुतंय," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी कमी चुकलेली जागा धरली आणि गाडी चालू केली. लागली. पेचकस कानाला लावला, काही वावगं ऐकू आलं नाही. गाडी देऊन टाकली.

चार दिवसांत सिस्टर परत आल्या. "काका, सपाटीला बरी पळती, पण चढ आला की दमच न्हाई. मागून कुणी धरल्यासारखी करती."

नागप्पांनी पेट्रोलची नळी बघितली, प्लग बदलले, क्लच तपासला. शेवटी पट्टा एक दात पुढं घेऊन बघितला, तर गाडी जागेवरच धडधडायला लागली आणि रेस केली की आतून खडखड वाजू लागलं. ती खडखड आधी सिस्टरांना ऐकू आली, नागप्पांना नंतर. सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"काका, तुमी डावा कान पुढं करून कावून ऐकताय?"

"सवय हाय."

"आधी न्हवती."

त्या दिवशी नागप्पांना जेवण गेलं नाही. इतके दिवस ते इंजिनावर संशय घेत होते, आता स्वतःवर घ्यायला लागले. पहिल्या वेळी काही वावगं ऐकू आलं नव्हतं, ते नव्हतंच म्हणून, का असून ऐकू आलं नाही म्हणून? बायको ईश्वरीनं भाकरी पुढं सरकवली.

"कानाला दाखवून या की," ती म्हणाली. "कान चांगला निघाला तर गाडीत खोट. कान बिघडला असला तर..."

"तर काय?"

"तर ते बी कळंल."

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा कान बराच मंदावलाय, डावा ठणठणीत आहे. म्हणजे ईश्वरीच्या हिशोबानं दोन्हीही खरं निघालं आणि नागप्पांच्या डोक्यात होता तेवढाच गोंधळ राहिला. पट्टा पुन्हा पहिल्या जागी घेऊन डावा कान लावून ऐकलं तरी गाडी चढाला दम टाकतच होती.

मग त्यांचा राग रामकिसनवर गेला. हेड वाकडं घासलं असणार. दाखवायला कॅमची चाकी सोडवून पिशवीत घातली आणि सकाळच्या एसटीनं ते माजलगावला गेले.

"शरणार्थी," रामकिसननं हसून लिंगायती नमस्कार केला.

"शरणार्थी र्‍हाऊ दे. हेड तिरपं घासलंस बे तू."

रामकिसन चिडला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आरशावानी सपाट दिलंय. पण मला एक सांग, ट्रॅक्टरची हेडं आपण किती घासली. कधी टायमिंग हाललं का?"

"न्हाई. तेच तर कळंना."

"ट्रॅक्टरचा कॅम कुठं असतो?"

"खाली, ब्लॉकात. क्रँकच्या शेजारी, गिअरला गिअर लावून."

"अन् ह्या गाडीचा?"

नागप्पांनी पिशवीतली चाकी हातात घेतली. कॅम वर होता, हेडच्या आत. हेड घासलं की हेड खाली येतं, आणि हेडसोबत कॅमही खाली येतो.

"पण खाली आला तर पट्टा ढिला व्हईल," नागप्पा म्हणाले. "ढील तर टेन्शनर खेचून घेतो. खूण मागं कावून जावी?"

हे रामकिसनलाही नीट सांगता येईना. त्यानं लाकडाच्या फळीवर दोन खिळे मारले, एक खाली, एक वर. त्यांत दोन जुन्या चाक्या अडकवल्या, भोवती सुतळी गच्च गुंडाळली आणि वरच्या चाकीवर खडूनं रेघ मारली. मग वरचा खिळा उपटून थोडा खाली मारला. सुतळी सैल पडली.

"आता खालची चाकी घट्ट धर. इंजिन उजवीकडनं वढतं, म्हंजे उजवी सुतळी कायम ताणलेली. टेन्शनर कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

रामकिसननं डावीकडून बोटानं सुतळी दाबली. सगळी ढील डावीकडं ओढली गेली, आणि तिच्यासोबत वरची चाकी हळूच मागं फिरली. खडूची रेघ मागं गेली. त्यांनी पुन्हा केलं. रेघ पुन्हा मागं गेली. नागप्पांनी रामकिसनचा हात बाजूला सारून स्वतः करून बघितलं. डोळ्याला दिसत होतं, पण मन अजून मागंच होतं.

"मग काय, पुढं घ्यायची," ते म्हणाले. "पण एक दात लई हुतो."

"चाकीची भोकं लांबट करू." कॅमची चाकी तीन बोल्टांवर बसायची. भोकं लांबट केली की चाकी आहे तिथंच ठेवून आतला कॅम थोडा पुढं फिरवता येणार होता. रामकिसननं चाकी मशीनवर धरली आणि तिन्ही भोकं एका बाजूनं वाढवून दिली.

केजला येऊन नागप्पांनी चाकी बसवली. कॅमच्या मागच्या टोकाला एक खाच असते, ती हेडच्या काठाला सरळ आली की कॅम बरोबर. त्यांनी पट्टी लावून बघितलं. खाच सरळ व्हायच्या ऐवजी कॅम आणखीच मागं जायला मोकळा झाला होता. पुढं जागाच नव्हती. ते शेडमध्ये खाली बसले. चाकी उलटीपालटी करत त्यांना उमगलं, रामकिसननं ती पालथी धरून भोकं वाढवली होती. मागून बघितलं की डावं ते उजवं.

त्यांनी रामकिसनला फोन करून ते सांगितलं. "ये बे परत," तो म्हणाला. "दुसऱ्या अंगानं बी वाढवू."

या वेळी नागप्पांनी चाकीच्या तोंडावर स्वतः बाण काढला आणि काम होईपर्यंत मशीनजवळून हलले नाहीत.

खाच सरळ बसली. बोल्ट आवळले. मग ते पुढून बघायला आले आणि पुन्हा गार पडले. चाकीवरची खूण बाणाच्या मागंच होती, पहिल्या दिवशी होती तिथंच. बराच वेळ ते एकदा मागं जाऊन खाच बघत, एकदा पुढं येऊन खूण बघत. ईश्वरी चहा घेऊन आली.

"जुळली का?"

"कॅम जुळला. खूण न्हाई जुळली."

"मग खरं कोण?"

नागप्पांनी विचार केला. खूण होती चाकीवर, आणि व्हॉल्व्ह उघडायचे ते कॅमनं. "कॅम," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका बाणासमोर नवा लावला आणि जुनी खूण तशीच ठेवली.

सिस्टर आल्यावर दोघं मांजरसुंब्याकडं निघाले. घाट लागला. सिस्टरांनी गाडी तिसऱ्यात ठेवली, नागप्पांनी डावा कान खिडकीकडं केला. गाडी चढ चढत राहिली. वळणावर पुढच्या उसाच्या ट्रॉलीला सिस्टरांनी मागं टाकलं, तेव्हा नागप्पांनी डॅशबोर्डवर धरलेला हात सोडला.

वर थांबल्यावर सिस्टरांनी विचारलं, "काय झालतं काका, नेमकं?"

नागप्पांनी दोन मुठी एकीवर एक धरल्या. "हा खाली क्रँक. हा वर कॅम. हेड घासलं, कॅम खाली आला. आता उजव्या अंगाला ताण, म्हंजे तुमच्या उजव्या... न्हाई, माझ्या उजव्या..." त्यांनी मुठी फिरवल्या, पुन्हा उलट्या फिरवल्या.

सिस्टर हसल्या. "र्‍हाऊ द्या काका."

"न्हाई, थांबा," नागप्पा म्हणाले आणि गाडीतून उतरून रस्त्याकडंला चाकीएवढे दोन गोल दगड शोधायला लागले.