पृथ्वी राहून गेली

गुणाजीकाका म्हणजे माझा सख्खा चुलता. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर त्याचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. देवगडकडनं पंधराव्या वर्षी मुंबईला आला, घाटकोपरला एकाकडे काम शिकला, मग स्वतःचं टाकलं. हा माणूस सायकलवर कधी बसत नाही. दुरुस्त झालेली सायकल हातात धरून चालत गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचा. विचारलं तर म्हणायचा, "खोलून बघितलेल्या वस्तूवर बसूचो धीर होना नाय." त्याला दुसरा कोण हसला तर मी सोडत नाही. पण या गोष्टीला मी पण हसते.

शहाऐंशी साली म्युनिसिपालटीची नोटीस आली. रस्ता रुंद होणार, दुकान जाणार. काका तेव्हा बावन्नचा. या वयात दुसऱ्याच्या दुकानात पान्हे उचलायला कोण ठेवणार? त्याच दिवसांत आमच्या इथल्या शाळेत प्रयोगशाळेचा माणूस रिटायर झाला. काचेची भांडी धुवायची, कपाटं सांभाळायची, मोडलेलं जोडायचं, असं काम. विज्ञानाच्या पद्मजाबाई सायकल काकाकडेच टाकायच्या. त्या म्हणाल्या, "डिसेंबरात प्रदर्शन आहे. मला दोन मॉडेलं करून द्या. मोठ्या बाई तुमचा हात बघतील, मग मी तुमच्याबद्दल बोलते." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी त्याच शाळेतनं आठवीत बाहेर पडले, त्यामुळे त्यांना मी चांगली ओळखते, आणि त्या मला.

तर पद्मजाबाई दुकानातल्या स्टुलावर बसून समजावायला लागल्या. पहिलं मॉडेल, पूर्वी लोक काय मानायचे त्याचं. मधे पृथ्वी. भोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, या क्रमाने. दुसरं, नंतर काय कळलं त्याचं. मधे सूर्य, बाकीचे भोवती.

काका म्हणाला, "म्हणजे पयला चुकीचा?"

"हो."

"आणि ता चुकीचा कितके वर्सा चालला?"

"चौदाशे तरी धरा."

"चौदाशे वर्सा कोणी खोलून बघूक नाय?"

बाई म्हणाल्या, तसं नाही, ते लोक हुशार होते. मंगळ कधी कधी आकाशात मागे जाताना दिसतो, तर ते जमवायला त्यांनी मोठ्या चाकाच्या कडेला छोटं चाक कल्पलं. मंगळ छोट्या चाकावर फिरतो, छोटं चाक मोठ्यावर.

"वक्री," काका म्हणाला. "पंचांगात येता. दिसता तसाच बांधल्यानी ना? मगे चुकीचा कसा?"

बाईंनी मधलं एक सांगितलं. कोणीतरी म्हणे असं काढलं होतं की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो आणि बाकीचे सगळे सूर्याभोवती.

"ह्यो युनियनवालो असतलो. दोन्ही पार्ट्यांका खूश केल्यान."

"आणि सूर्य मधे आल्यावर पण वाटा गोलच धरल्या होत्या. पुढे कळलं, त्या लंबगोल आहेत."

काकाने हातातला पान्हा खाली ठेवला. "म्हणजे दुसरा पण चुकीचा. मगे ता तरी कित्याक करूचा?"

बाई हसल्या. मला नाही हसायला आलं. मी म्हटलं, "बाई, बरोबर कुठलं ते एकदाच सांगा ना." त्या म्हणाल्या, "आत्तापर्यंतचं सांगते." आता याच्यावर माणसाने काय बोलायचं, यार.

पहिलं मॉडेल झकास झालं. उभ्या दांड्यावर एकावर एक दातेरी चाकं, प्रत्येक चाकाला सळीचा हात, हाताच्या टोकाला रंगवलेला बॉल, खाली सायकलचं पेडल. पेडल फिरवलं की सगळे फिरायचे, जवळचा जोरात, लांबचा हळू. मंगळाला छोटं चाक लावलेलं, तो मधेच मागे यायचा. आख्खी चाळ बघून गेली.

दुसऱ्यासाठी काकाने तसाच सांगाडा परत केला, फक्त मंगळाचं छोटं चाक सोडून. बाई त्या आठवड्यात ट्रेनिंगला गेलेल्या, विचारायला कोणी नाही. आम्ही शुक्र आणि मंगळ यांच्या मधला सूर्य काढून मधोमध बसवला. मधली पृथ्वी काढून गोणपाटावर ठेवली. आता सूर्याची जी जागा होती तो चौथा हात रिकामा राहिला.

"काका, हा मोकळाच सोडायचा?"

"गीन बघू किती झाले."

गिणले. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. सात. ग्रह तर नऊ, हे मला पण माहीत होतं, शाळेत घोकलेलं. काका म्हणाला, "राहू-केतू रवले." आणि त्याला एकदम गावच्या देवळातला नवग्रहांचा दगड आठवला. "तेच्यात सूर्य मधीच असा. बाकीचे आठ भोवती. आमच्या देवळात आधीपासून बरोबर असा, आणि ही मंडळी चौदाशे वर्सा खंय फिरत होती?"

मला ते इतकं पटलं की मीच दोन बॉल काळे रंगवले. राहू रिकाम्या हातावर, केतूसाठी टोकाला एक हात वाढवला. चिठ्ठ्या पण माझ्याच अक्षरात. परत गिणले. नऊ. काका खूश, मी खूश.

प्रदर्शनाच्या सकाळी हातगाडीवरनं नेलं. पद्मजाबाई कालच परत आलेल्या. त्यांनी चादर काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मोठ्या बाई आल्याच. पहिलं बघितलं, मान हलवली. दुसऱ्यापाशी थांबल्या. पेडल फिरवून बघितलं. चिठ्ठ्या वाचल्या.

"गुणाजी, यात आपण कुठे आहोत?"

काका म्हणाला, "आपण हयसर उभे आसंव, बाई. हयसून बघतंव."

"पृथ्वी कुठे आहे?"

काकाने बघितलं, मी बघितलं. खरंच नव्हती. नऊ भरले होते आणि पृथ्वी नव्हती. ती दुकानात गोणपाटावर पडलेली.

"राहू आहे, केतू आहे, पृथ्वी नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पद्मजा, या माणसाच्या हातात प्रयोगशाळा द्यायची म्हणतेस?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, पहिलं चुकीचंच आहे म्हणून करून घेतलंत ना? मग आमची एक चूक जास्त झाली तर काय बिघडलं?"

"ती चूक माहीत असून ठेवली आहे. ही माहीत नसताना झाली. आठवीत पण तुला यातला फरक कळायचा नाही."

मी अजून बोलले असते, पण काकाने माझा दंड धरला. "बाई, अर्धो तास देवा. मुलांका नऊक सोडतत ना?"

मी धावत दुकानात गेले, पृथ्वी घेऊन आले. काकाने जमिनीवर रुमाल पसरला. नट तोंडात धरायची त्याची सवय, त्यामुळे बोलणं बंद. पद्मजाबाई शेजारी बसून सांगत होत्या. राहू-केतू म्हणजे वस्तू नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे कापते त्या दोन जागा. तिथे ग्रहण होतं.

काकाने नट हातात काढले. "ऐंशी साली ग्रहण लागला, तेव्हा अख्खा भांडुप दारां लावन बसला होता. रस्त्यार कुत्रो नाय. आम्ही दोन जागांका भियान बसलो?"

"तसंच म्हणा."

त्याने राहूचा काळा बॉल काढला, उलटसुलट करून बघितला. मग खिशात टाकला. राहूच्या हातावर, शुक्र आणि मंगळ यांच्या मधोमध, पृथ्वी बसवली. चंद्राला सूर्याजवळनं सोडवला आणि तारेच्या तुकड्याने पृथ्वीला जोडला. केतूचा हात कापून टाकला. मी म्हटलं, "काका, आता आठच उतरले, आणि त्यातला सूर्य तर ग्रहच नाही म्हणतात." तो म्हणाला, "गिणू नको आता, माझा डोका दुखता."

मग त्याने एक केलं जे बाईंनी पण सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर बसला, डोळा पृथ्वीच्या बॉलला लावला आणि एका हाताने पेडल फिरवायला लागला. पृथ्वीबरोबर स्वतः पण गुडघ्यावर सरकतोय. बघणारे हसायला लागले. मी एकेकाकडे असं बघितलं की गप्प झाले.

काका थांबला. परत थोडं मागे घेतलं, परत पुढे.

"सुलू, मंगळ बघ. भिंतीवरच्या त्या खिळ्याच्या पुढे होतो. आपण बाजूसून गेलो तसो तो मागे इलो. तेका छोटा चाक लावक नाय मी."

मी डोळा लावला. मागे येत होता. स्वतः पुढेच चालला होता, पण येत होता मागे. मला आत्ता पण नीट सांगता येणार नाही. म्हणजे वक्री होणारा मंगळ नाही, आपण. मग पंचांगवाल्यांना हे माहीत आहे का? काकाने तेच विचारलं. पद्मजाबाई म्हणाल्या, दोघं जण एकाच वेळी सतरा प्रश्न विचारू नका.

मोठ्या बाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदर खोचला आणि वाकून डोळा लावला. "फिरवा," म्हणाल्या. काकाने फिरवलं. "परत." परत फिरवलं. बराच वेळ त्या तशाच वाकलेल्या.

उठल्यावर त्यांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"चवथी."

"नेमणुकीला सातवी लागते."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली.

"रोजंदारीवर ठेवता येईल. कायम नाही करता येणार. सोमवारी साडेदहाला या. आणि ते पहिलं मॉडेल हलवू नका, दोन्ही शेजारी शेजारी राहू देत." एवढं बोलून त्या दुसऱ्या वर्गात गेल्या.

काकाने मला विचारलं, "म्हणजे झाला की नाय झाला?"

मला पण कळलं नव्हतं. पद्मजाबाई म्हणाल्या, "झालं हो."

होळीच्या आधी दुकान पाडलं. आता दोन वर्षं होतील, काका अजून रोजंदारीवरच आहे. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला वाटतं, जूनमध्ये काय आपल्याला बोलवत नाहीत. आणि जूनमध्ये सगळ्यात आधी तोच गेटवर जाऊन उभा असतो, कुलूप उघडायची वाट बघत.