पट्टीतली हिरवी खूण

माझी आई धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत एकेका विधीला त्याचं त्याचं गाणं, धवला, म्हणणारी. भाचीचं लग्न नाशिकला ताईच्या घरी ठरलं आणि नेमका आईचा पाय प्लास्टरमध्ये गेला. नातीची हळद आपल्या गाण्याशिवाय लागणार, या विचाराने ती जेवेना. तिच्यासोबत मी सुकापूरला मागे राहिलो आणि रिकामपणी एक शहाणपणा केला. तिची सगळी गाणी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये टाकली. तोच फोल्डर ताईच्या कॉम्प्युटरवर आपोआप उमटणार होता.

पण माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. हौसेला मोल नसतं म्हणतात, डोकं मात्र जातं. फाइली पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचं चिन्ह स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसायला हवं होतं, तिथे नुसती रिकामी फट. एका फोरमवर म्हणे डेस्कटॉप बदला, दुसरीकडे म्हणे पट्टी बदला, तिसरीकडे विचारणाऱ्यालाच झापलेलं. मी डेस्कटॉप बदलला, पट्टी बदलली, झापूनही घेतलं. हळदीच्या सकाळी चिन्ह उगवलं, वर हिरवी खूण. कशामुळे, देव जाणे. मी ताईला फोन करून सांगितलं, "पोचलं सगळं. लाव."

फोन दोन्हीकडे स्पीकरवर होता. तिकडे आईचा आवाज सुरू झाला आणि बायका कुजबुजायला लागल्या. गाणं मुलीच्या पाठवणीचं होतं.

"अजून हलद नाय लागली, नि पोरीला सासरी धारली?" आई पलंगावरून ओरडली.

"ताई, दुसरं लाव," मी म्हणालो.

"अरे, एवढं एकच आलंय!" ताई रडवेली झाली. "पोर पाटावर बसलीय."

मी त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिलो. ती सगळं पोचल्याची होती, की प्रोग्रॅम नुसता जागा असल्याची? लहान फाइल आधी गेली का? मग बाकीची कुठे अडकली? काही म्हणता काही कळेना, आणि लाज तर इतकी वाटत होती की आईकडे बघवेना. मी पुन्हा काळ्या खिडकीत कमांड मारायला लागलो.

"ठेव तो डबा," आई म्हणाली. "मी काय मेली हाय? फोन दे इकडं."

आठवडाभर हे मला सुचलं नव्हतं. मी फोन तिच्या तोंडाशी धरला. तिने खाकरून हळदीचा धवला उचलला, आणि नाशिकच्या बायका तिच्यामागे एकेक ओळ म्हणू लागल्या.