रिम्मा जिला ओरडत नव्हती ती मुलगी

क्लावा मला हल्ली 'फाइना सेम्योनोव्हना' म्हणते. जिन्यात समोर आली की पिशवी या हातातून त्या हातात घेते, 'नमस्कार, फाइना सेम्योनोव्हना, बऱ्या आहात ना?' एवढं म्हणते आणि भिंतीला चिकटून वर निघून जाते. सतरा वर्षं तिनं मला फाया म्हटलं, तेही जिन्यात दोन मजले खालून ओरडून. आमच्याकडे आपल्या माणसाला बापाच्या नावासकट हाक मारायला लागलं की त्याचा अर्थ एकच, तू मला मेलीस. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही.

क्लावा शिलोवा एनॅमलच्या कारखान्यात मगांवर फुलं रंगवते. दिवसाला चारशे मग, प्रत्येकावर खसखशीची तीन लाल फुलं. नवरा उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही. 'गेला, पाय तरी पुसून गेला' एवढंच म्हणते. तिला एक मुलगी, उल्याना. पोर सहा वर्षांची असताना क्रीडाशाळेची तमारा लवोव्हना बालवाडीत आली, पोरांना गजाला लटकवून बघितलं आणि उल्याला उचलून जिम्नॅस्टिक्सला घेऊन गेली. क्लावा खूश होती. फुकट गरम सूट, उन्हाळ्यात शिबिर, पोर घरी एकटी बसत नाही, आणखी काय हवं?

पण पुढच्याच नववर्षाला टीव्हीवर बॅले लागला आणि उल्या खुर्चीवरून उठेचना. क्लावानं सॅलडची वाटी पुढे केली, तीही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'ममा, मला हे करायचंय.' आता पेर्म शहरातल्या बॅले शाळेत मुलं घेतात ती दहाव्या वर्षी, एकदाच. अकराव्या वर्षी कुणी दारही उघडत नाही. क्लावानं चौकशी केली आणि सरळ तमाराकडे गेली. लपवाछपवी तिला जमतच नाही.

'तमारा लवोव्हना, पोर तुमच्याकडे येईल, पण आठवड्यातून तीन दिवस सांस्कृतिक भवनातल्या रिम्माकडे बॅलेलाही जाईल. आणि दहाची झाली की पेर्मला परीक्षा देईल. आधीच सांगून ठेवते.'

'जाऊ दे की,' तमारा म्हणाली. 'मी कोण अडवणार? तिचे हात जरा सुधारतील, माझंही भलंच होईल.'

मी हे ऐकलं, कारण मी तिथंच पियानोवर बसले होते. जमिनीवरच्या कसरतीला जिम्नॅस्ट मुलींनाही पियानो लागतो. म्हणजे दुपारी मी तमाराकडे वाजवायची आणि संध्याकाळी नदीपलीकडच्या सांस्कृतिक भवनात रिम्माकडे. माझ्यासारखी दोन्हीकडे बसणारी दुसरी कुणीच नव्हती. हे मुद्दाम सांगतेय.

तीन वर्षं क्लावानं पहिली पाळी घेतली. पहाटे पाचला उठायचं, चारशे मग रंगवायचे, तीनला सुटायचं आणि पोरीला घेऊन बस पकडायची. जिम्नॅस्टिक्सला दोन घट्ट वेण्या लागतात आणि बॅलेला मानेच्या वर अंबाडा. तो बदल बसमध्येच, पुलावर. क्लावाच्या तोंडात पिना, उल्याच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली बरणी, बरणीत काशाची गरम लापशी. ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि म्हणायचा, 'क्लावा, खड्डा येतोय, पिना सांभाळ!' रिम्माला मुलींच्या हातावरची खडूची पूड चालत नसे, म्हणून उतरता उतरता ओल्या फडक्यानं पंजेही पुसायचे.

दोन्ही शिकणं म्हणजे एका अंगाला दोन मालक. तमाराला मांड्या कडक हव्यात, उडीवरून उतरताना पावलं शेजारी शेजारी आणि गुडघे समोर. रिम्माला तेच गुडघे बाहेर वळलेले हवेत, अगदी खुब्यापासून. उल्या एकीकडून दुसरीकडे यायची तेव्हा पहिली दहा मिनिटं रिम्मा तिच्यावर आग पाखडायची. 'गुडघे कुठे बघतायत? बाजाराकडे? बूड आत घे! घोड्यावरून आत्ताच उतरलीस का गं?' मांडीवर चापट, टाचेला हात लावून पाऊल बाहेर. उल्याचे डोळे भरायचे आणि पाऊल वळायचं.

आता एक गोष्ट अशी की बॅलेच्या खोलीत ज्याला सगळ्यात जास्त बोलणी बसतात तो सगळ्यात लाडका. शिक्षिका ज्या मुलीच्या मागे हात धुवून लागते तिचं काहीतरी होणार. आणि जिच्याजवळून ती 'छान' म्हणत पुढे जाते, तिच्यावर तिनं पाणी सोडलेलं असतं. आम्हाला हे इतकं पाठ आहे की कुणाला सांगावंसंही वाटत नाही. क्लावाला ते कुठून कळणार? तिच्या कारखान्यात तपासनीस ज्या मगाबद्दल काही बोलत नाही तो मग पास असतो.

परीक्षेच्या वर्षीचा जानेवारी आला आणि रिम्मानं उल्याला बोलणं बंद केलं. भिंतीवरच्या दांडीला धरून उभ्या रांगेत सगळ्यांच्या मांड्यांवर चापट्या पडत, उल्यापाशी आली की नुसतं, 'छान, उल्याना. हात सुंदर.' आणि पुढे. पावलांकडे नजरही नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, रिम्माचं डोकं दुखत असेल. दुसऱ्या आठवड्यात माझी बोटं अडखळायला लागली.

मी तिला कपड्यांच्या खोलीत गाठलं. 'रिम्मा, शिलोवाच्या पोरीला तू हात का लावत नाहीस?'

तिनं बुटाचे बंद बांधत उत्तर दिलं, वर न बघता. 'तमाराला ती प्रांताच्या संघात हवी आहे. म्हणाली, हात, मान काय करायचं ते कर, पायांना हात लावू नकोस. क्रीडाशाळेत नृत्यशिक्षिकेची कायमची जागा निघतेय, फाया. मुख्याध्यापक तमाराचं ऐकतो. मी अकरा वर्षं इथं अर्धवेळ उभी आहे.'

'आणि पेर्म?'

'पेर्मला शंभरात चार घेतात. मी काही तिची हाडं मोडत नाहीये. नुसतं बोलत नाहीये. तू पियानो वाजव.'

मी पियानो वाजवला.

फेब्रुवारीत क्लावा कोबीचं सारण भरलेले पिरोगी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. अंगावर कारखान्याचा डगला, नखात लाल रंग, आणि चेहरा असा की वीज गेली असती तरी चाललं असतं. 'फाया, तुला सांगू? महिना झाला, रिम्मा पावलोव्हना तिला एक शब्द बोलत नाही! आधी कशी चावायची, आठवतं ना? आता सगळ्यांना बोलते, आमच्या उल्याला नाही. उल्या म्हणते, ममा, माझं आता सगळं बरोबर येतं.' मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाली, 'तू रोज बघतेस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खरं सांग, घेतील ना तिला?'

माझ्या तोंडात घास होता. जूनच्या परीक्षेला चार महिने होते. चार महिन्यांत क्लावानं दुसरी शिक्षिका शोधली असती, पोरीला दर रविवारी पेर्मला नेलं असतं, जमिनीवर बसून स्वतः तिचे गुडघे दाबले असते. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. भांडण होईल, रिम्मा तोंड फिरवेल, तमारा मला काढून दुसरी पियानोवाली आणेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

'घेतील,' मी म्हणाले.

तिनं माझ्या गालाचा मुका घेतला.

पेर्मला काय झालं ते तिनंच मला सांगितलं, एकदाच. पोरीला चटईवर पालथं झोपवलं, तळवे जुळवून गुडघे बाजूला पसरवायला सांगितले, बेडकासारखे. बाकीच्या मुलींचे गुडघे आणि खुबे जमिनीला टेकले होते. उल्याचं अंग वरच राहिलं. तपासणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं तिच्या मांडीवरून हात फिरवला आणि विचारलं, 'किती वर्षं शिकतेस?'

'तीन.'

'आणि पायांना कुणीच हात लावला नाही?'

'सहा महिने नाही,' उल्या म्हणाली. 'माझं चांगलं येतं म्हणून.'

टेबलामागच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. क्लावा दाराच्या फटीतून बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या बायांचे चेहरे कळले. बाहेर आल्यावर म्हातारीनं तिला सांगितलं की पोरीचं अंग चांगलं होतं, मांड्या मात्र आत वळूनच घट्ट झाल्यात, आणि शेवटच्या वर्षात तिच्यावर कुणी मेहनतच घेतली नाही.

परतल्यावर ती आधी रिम्माकडे गेली. रिम्मानं काही लपवलं नाही. वर म्हणाली, 'फायाला विचार, तिला जानेवारीपासून माहीत होतं.'

उल्यानं दोन्ही सोडलं. तमारा दोनदा घरी येऊन गेली, चॉकलेटचा डबा घेऊन. क्लावानं डबा घेतला, तिला आत घेतलं नाही. प्रांताचा संघ उल्याशिवायच गेला आणि सातवा आला. रिम्माला जागा मिळाली. तिच्या वर्गाला पियानो मीच वाजवते, नाही कशाला सांगू?

रिम्माकडे गेली त्याच संध्याकाळी क्लावा माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, आता शिव्या देईल, भांडी फेकेल. मी तयारीत होते. ती आत आली नाही. प्रवासाचा चुरगळलेला कोट अंगावर तसाच होता.

'तमाराला संघासाठी पोर हवी होती,' ती हळू म्हणाली. 'तिचं मला कळतं. रिम्माला नोकरी हवी होती. तेही कळतं, बाईमाणूस एकटी आहे. गाडीत मी तुझाच विचार करत होते, म्हटलं एक फाया आहे आपली. तुला काय मिळालं गं?'

मी काही तरी सांगायला शोधत राहिले. एखादं तिकीट, बढती, धमकी, काहीही असतं तरी तिच्या पुढ्यात ठेवलं असतं.

'काही नाही,' मी म्हणाले.

'काहीच नाही?'

'नाही.'

तिनं मान हलवली, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाली, 'मग माफ करा, फाइना सेम्योनोव्हना. उगाच त्रास दिला.'