मिठाईची काच

सातवीत शाळा सुटली आणि कोकणातलं घर सोडून मी काष्टीला एका पेंटर उस्तादांकडे आलो. त्यांनी ठेवून घेतलं, जेवू घातलं. ते उपकार आजही विसरलेलो नाही. पण त्या काचा! एसटीडी बूथ निघाले तसं प्रत्येकाला काचेवर नाव हवं होतं. उस्ताद ते आतल्या बाजूनं रंगवायचे, कारण बैलबाजाराच्या दिवशी बैल बाहेरून काचेला अंग घासतात. आतून म्हणजे सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. माझा 'क' भलतीकडंच तोंड करायचा. दोन काचा वाया गेल्यावर उस्ताद म्हणाले, "तिसरी गेली की एसटीत बसवून देईन." त्या धास्तीनं मी आधी सगळं कागदावर लिहून बघायला लागलो.

अशात मिठाईवाल्या शेठना लहर आली. "भाईरून वाचता आलं पायजे, आन् आत बसून पेढं खानाऱ्याला बी."

"मधी पांढरा रंग मारून दोन्हीकडून लिहितो," उस्ताद म्हणाले.

"मंग उजेड कुठनं येनार? न्हाई जमायचं."

मी कागदावर 'मिठाई' लिहून तो उलट बाजूनं उजेडाला धरला. सगळी अक्षरं फिरली, एकटा 'ठ' तसाच. एका 'ठ'वर दुकान कसं चालायचं? वैतागून इंग्रजीत लिहिलं, एम-आय-टी-एच-ए-आय, आणि कागद फिरवला. प्रत्येक अक्षर जसंच्या तसं! फक्त क्रम उलटा. मग एकाखाली एक लिहिली. तीही कटकट संपली.

उस्ताद खूश. एरवी ते काचेच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं 'आत' लिहायचे, सुताराला बाजू कळावी म्हणून. "आज खडू कशाला? शेठच्या ओट्यावर बैल येत न्हाईत. कुठूनबी बसव, सारखंच हाय."

सुतारानं बसवली. खालचं वर करून! खडूच नाही, तर वर कुठलं हे त्याला कसं कळणार? इंग्रजी ना त्याला येत होतं, ना शेठना. बाजारच्या दिवशी हायस्कूलची पोरं माना वाकड्या करून हसायला लागली, तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. एच आणि दोन्ही आय शहाण्यासारखे उभे; टी आणि ए शीर्षासनात, एमचा तर डब्ल्यू झालेला.

"मला वाटलं इंग्रजी असंच असतंय," शेठ म्हणाले.

काचेभोवतीची पुट्टी वाळून दगड झालेली. काढताना काच कडकन गेली. माझ्या हिशेबात ही तिसरी! पिशवीत कपडे कसे भरायचे तेच डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "रडतो कशाला? ही माझी आन् सुताराची. तुझ्या अजून दोनच."

शेठनी हात झटकले. "जाऊ द्या. नव्या काचेवर मराठीतच लिवा, आतल्या अंगानं, पोरांनी खरवडाया नको; भाईरनं दिसंल असं. आतला मानूस पेढा खातोयच की, त्याला पाटी कशाला?"

हे आधी सांगायला काय झालं होतं! दातओठ खात मी ब्रश धुतला आणि 'मिठाई' उलटी लिहायला बसलो. सुरुवात 'ठ'पासून केली.